काटकसर कोणाच्या ताटातून?

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे पत्र आले तेव्हा एकाच तुकडीतील आम्ही चार-पाच माजी विद्यार्थी व विद्यार्थिनी एकत्र बसलो. कोण कोणत्या पदावर पोहोचले, कोणत्या वर्षी कोणती इमारत उभी राहिली, कोणत्या गुरुजनांनी आम्हाला घडविले, हे स्मरणिकेत यावयासच हवे आणि इतर लेखांत ते येईलही. परंतु बोलता बोलता असे लक्षात आले की, या वसतिगृहाने दिलेली एक गोष्ट आजही आमच्या घरांत रोज उपयोगी पडते आणि तिची नोंद मात्र कोणत्याही गुणपत्रिकेत नाही. ती म्हणजे जपून वापरण्याची सवय. त्या सवयीविषयी आणि तिच्या पोटात दडलेल्या एका अन्यायाविषयी लिहावे, असे आम्ही ठरविले.

आमच्या काळी वसतिगृहात अंगाच्या साबणाची एक वडी दोघांत मिळे. ती दोऱ्याने कापली जाई, कारण सुरीने कापल्यास चुरा पडतो आणि तो वाया जातो. वार्षिक परीक्षा संपली की सर्वांच्या वह्यांतील कोरी पाने सोडवून, दाभणाने टोचून आणि सुतळीने शिवून कच्च्या वह्या तयार होत. पुढच्या वर्षीची पहिली चाचणी होईपर्यंत गणिते त्यांतच सोडवावयाची. जुन्या सदऱ्याची बटणे एका डबीत जमा होत आणि ती डबी मोठ्या मुलींच्या ताब्यात असे. भांडी घासलेले पाणी परसातल्या वांग्यांना आणि आळूला जाई. जेवणाच्या पंगतीत एकच नियम होता: ताटात घेतलेले टाकावयाचे नाही. मात्र भूक असेल तितके मागून घेण्याची पूर्ण मोकळीक होती. या दोन गोष्टी जोडीने शिकविल्या गेल्या, हे आमचे भाग्य. नुसती पहिली शिकविली असती तर आम्ही भीत भीत जेवलो असतो.

याच स्वयंपाकघरातील एक प्रसंग आम्हा सर्वांच्या लक्षात आहे. तेथे दोन मावश्या होत्या. दीडशे लेकरांच्या भाकरी थापून, वाढून, आवरून झाल्यावर त्या जेवावयास बसत. एका संध्याकाळी अधीक्षक सर काही कामाने आत गेले, तेव्हा दोघीही भाकर मीठ-तिखटाशी खात होत्या. वरणाचे आणि भाजीचे पातेले रिकामे झाले होते. “रोज असंच होतं का?” असे सरांनी विचारले. थोरल्या मावशी हसून म्हणाल्या, “पोरायले पुरलं म्हणजे झालं जी. आमचं काय, भागते.”

सर त्या वेळी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पंगत बसण्यापूर्वी त्यांनी दोन ताटे आधी वाढावयास लावली, ती झाकून फळीवर ठेवली आणि मगच आम्हाला वाढप सुरू झाले. त्यानंतर हा नियमच झाला. भाजी बेताची असेल त्या दिवशी पहिल्या रांगेपासूनच प्रत्येकाला पळीभर कमी मिळे. कमी पडावयाचे असेल तर ते सर्वांना सारखे पडेल, एवढेच सरांचे म्हणणे होते. आम्ही तेव्हा कुरकुरलो असू. आज प्रत्येकाचे घर झाले, पगार आणि हप्ते आले, मुले मोठी झाली, तेव्हा कळते की घरखर्चाचा सारा विचार त्या दोन झाकलेल्या ताटांत होता.

काटकसर चांगली, हे आपल्यातील कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. आम्ही जो प्रश्न विचारू इच्छितो तो त्याच्या पुढचा आहे. घरात बचत होते ती कोणाच्या वाट्यातून होते? महिन्याची ओढाताण झाली की सर्वांत आधी काय बंद होते? बहुतेक घरांचे प्रामाणिक उत्तर आम्हाला माहीत आहे, कारण आमच्याही घरांचे उत्तर तेच होते. आईचे दूध बंद होते. तिचा चश्मा पुढच्या महिन्यावर जातो. तिची रक्ताची तपासणी राहून जाते. मुलीची शिकवणी थांबते आणि मुलाची चालू राहते. वडिलांची पानटपरी, मित्रांची पार्टी, नातलगांच्या कार्यातला आहेर यांना मात्र धक्का लागत नाही. अशा घरात जो पैसा उरतो त्याला आम्ही बचत म्हणावयास तयार नाही. तो एका माणसाच्या पोटातून दुसऱ्याच्या हौसेसाठी काढलेला पैसा असतो.

भगवान बुद्धांनी गृहस्थांना केलेल्या उपदेशाकडे या दृष्टीने पाहिले, तर फार स्पष्ट मार्गदर्शन मिळते. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाची कथा आहे. आम्ही मुलाबाळांत राहणारी, चंदन-माळा वापरणारी, सोने-नाणे बाळगणारी माणसे आहोत, आम्हाला झेपेल असे काही सांगा, अशी विनंती त्याने केली. त्यावर भगवंतांनी त्याला संसार सोडावयास सांगितले नाही. याच जन्मीच्या हितासाठी चार गोष्टी सांगितल्या: कष्टाने व कौशल्याने मिळविणे, मिळविलेले सांभाळणे, चांगल्यांची संगत धरणे आणि समजीविता, म्हणजे आय आणि व्यय जाणून समतोल जगणे. तागडी धरणाऱ्याला पारडे किती झुकले किंवा किती उचलले गेले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपल्या मिळकतीचे व खर्चाचे कळावे, असा दृष्टांत तेथे आहे. तुटपुंज्या मिळकतीत थाटामाटाने राहणाऱ्याला तेथे नावे ठेवली आहेत. त्याचबरोबर भरपूर मिळकत असताना हलाखीत राहणाऱ्यालाही ठेवली आहेत. कृपणता हा तेथे गुण ठरलेला नाही.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात हाच विचार आकड्यांत आला आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावा. आजच्या पगारदाराला हे प्रमाण जसेच्या तसे लावता येणार नाही. परंतु उपभोगाचा भाग या वाटणीत पहिला आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्याच सुत्तात पतीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पत्नीचा सन्मान करणे आहे, घरातील अधिकार तिच्या हाती सोपविणे आहे आणि तिला वस्त्रालंकार देणेही आहे. पत्नीच्या कर्तव्यांत मिळविलेल्या धनाचे रक्षण करणे आहे. दोन्ही एकत्र वाचली की अर्थ उघड होतो. ज्या बाईने पै-पै सांभाळावी अशी अपेक्षा आहे, तिच्या हाती अधिकार हवा आणि तिच्या अंगावर धड वस्त्रही हवे. अधिकार आपल्याकडे ठेवून नुसते सांभाळण्याचे काम तिच्यावर टाकणे धम्माला धरून नाही.

वस्त्राचा विषय निघाला म्हणून विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील एक प्रसंग सांगतो. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. एका भिक्षूने इतकी वस्त्रे घेतली कशी, आता हा कापडाचा व्यापार मांडणार की काय, असे राजाला वाटले व त्याने स्वतः जाऊन विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्षूंना ही वाटून देऊ, असे आनंदांनी सांगितले. मग जीर्ण झालेल्यांचे काय करणार? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. पुढे त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी, आणि फडकीही विरली की ती कुटून, चिखलात कालवून जमीन लिंपू. हे ऐकून राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हा प्रसंग वर्गात पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्हाला तो परका वाटला नाही. आमच्या आज्यांच्या लुगड्याचा प्रवास असाच होता. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, मऊ पदराची लेकराची झोळी आणि दुपटी होत, उरलेल्याचे पायपुसणे, आणि शेवटी शेणाने सारवण्यासाठी पोतेरे. आमच्या अडाणी समजल्या गेलेल्या आज्यांनी चुल्लवग्ग वाचला नव्हता. गरजेनेच त्यांना तेथे नेले होते. या साम्यात एक भेदही आहे आणि तो विसरून चालणार नाही. आनंदांकडे नवी पाचशे वस्त्रे होती, आणि त्यांतले एकही त्यांनी साठवून ठेवले नाही. आधी ज्याच्या अंगावर फाटके होते त्याला नवे मिळाले आणि मग जुन्याचा शेवटचा धागाही कामी आला. आमच्या आजीकडे तेच एक लुगडे होते. तिची चतुराई वाखाणावी, पण तिच्या लाचारीचे गोडवे गाऊ नयेत.

येथेच आम्हाला रमाईंची आठवण होते. दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण त्यांच्या काटकसरीवर भाषणे करतो. बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये अभ्यास करीत होते. तेथे तेही अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढीत होते, आणि इकडे मुंबईत रमाई तुटपुंज्या पैशात घर चालवीत होत्या. रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या पाठीशी एक-एक रुपया पुरवून वापरणारी ही बाई होती. चार अपत्यांचे मृत्यू तिने पाहिले. २७ मे १९३५ रोजी, चाळिशी गाठण्यापूर्वीच तिचे निधन झाले. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ तिला अर्पण केला आणि दारिद्र्याच्या व एकटेपणाच्या दिवसांत तिने आपल्याबरोबर जे सोसले त्याची कृतज्ञ नोंद तेथे केली. ही कृतज्ञता आपण नीट वाचली पाहिजे. त्यांनी तिच्या सोसण्याला ऋण मानले. आपण मात्र व्यासपीठावरून तेच सोसणे आजच्या सुनांना आदर्श म्हणून सांगतो आणि घरी येऊन शेवटी उरलेली भाकर त्यांच्या ताटात पडू देतो. रमाईंना ज्या परिस्थितीने झिजविले ती परिस्थिती पुन्हा कोणत्याही घरात येऊ न देणे, हेच त्यांचे खरे स्मरण होय.

त्यागाची आणखी एक रीत आपल्या महाराष्ट्राने पाहिली आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे सर्वश्रुत आहे. त्याच संस्थेसाठी गावोगावी मुष्टिफंड उभा राहिला. दळण-कांडण करताना बायका एक मूठ धान्य बाजूला काढीत आणि ते वसतिगृहाला जाई. या मुठीचा हिशेब आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. ती जेवणे उरकल्यानंतरच्या उरलेल्यातून निघत नव्हती. दळण्यापूर्वीच निघत होती. त्यामुळे जी काही तूट पडे ती घरातल्या प्रत्येकाच्या भाकरीत सारखी वाटली जाई. आमच्या सरांची झाकलेली ताटे आणि ही मूठ, दोन्हींमागचा विचार एकच आहे: बाजूला काढावयाचे ते आधी काढा, म्हणजे शेवटच्या माणसावर सारा भार पडत नाही.

आता आजच्या घराकडे येऊ. आपल्यातील अनेकांकडे पक्की घरे, दुचाकी, काहींकडे चारचाकी आली. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. तरीही महिन्याची वीस तारीख उलटली की हात आखडतो, अशी तक्रार तृतीय श्रेणीच्या कर्मचाऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांची आहे. आम्ही आपापल्या घरचे तीन महिन्यांचे हिशेब वहीत मांडून पाहिले. काही आकडे डोळे उघडणारे निघाले.

आमच्यातल्या एकाचा खर्र्याचा खर्च दिवसाला ४० रुपये होता. दिवसाचे ४० म्हणजे वर्षाचे १४,६०० रुपये. त्याच घरात, महाग पडते म्हणून, अर्धा लिटर दूध बंद केले होते. ३० रुपये धरले तर त्या दुधाचे वर्षाला १०,९५० रुपये होतात. म्हणजे दूध चालू ठेवून, खर्रा सोडून, वर उरलेल्या पैशात मुलीची वह्या-पुस्तके आली असती. ज्या खर्चाने तोंडाचा कर्करोग होतो तो खर्च चालू होता आणि ज्याने हाडे बळकट होतात तो बंद होता. हे वाचून आमचा तो मित्र गप्प झाला. त्याच्या परवानगीनेच हे येथे लिहीत आहोत.

दुसरा आकडा लग्नाचा. बौद्ध पद्धतीचा विवाह हा मुळात साधा संस्कार आहे: त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, दोन पुष्पमाला आणि आप्तांच्या शुभेच्छा. त्यापूर्वी महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून कमी खर्चाच्या, भटाविना विवाहाची वाट घालून दिली होती, आणि सण-संस्कारांच्या खर्चात शेतकरी कसा नागवला जातो हे 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात मांडले होते. आज मात्र हळद वेगळी, स्वागत समारंभ वेगळा, डीजे वेगळा, आणि कर्ज सावकाराचे. शेकडा तीन रुपये दरमहा व्याजाने दोन लाख घेतले तर महिन्याला ६,००० रुपये व्याज होते, वर्षाला ७२,०००. तीन वर्षांत २,१६,००० रुपये देऊन होतात आणि मुद्दल जागच्या जागी असते. शेकडा तीन हा शब्द कानाला लहान वाटतो. वर्षाचा हिशेब केला की तो ३६ टक्के असतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली तर तेथेही दर साधारण असाच पडतो, फक्त सावकाराची पायरी चढावी लागत नाही इतकेच. भगवंतांनी गृहस्थाच्या चार सुखांत ऋणमुक्तीचे सुख स्वतंत्रपणे मोजले आहे. एका संध्याकाळच्या मंडपासाठी ते सुख तीन वर्षे गहाण टाकावे का, याचा विचार वधू-वरांनी स्वतः करावा.

मग बचत करावी तरी कोठे? आम्हाला अनुभवाने पटलेल्या काही जागा सांगतो. त्यांतून कोणाचेही ताट रिकामे होत नाही.

विजेपासून सुरुवात करू. जुना ६० वॅटचा दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटे लागतात. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा सव्वा-दीड युनिटात भागवितो. ७५ वॅटचा पंखा दिवसाचे बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिटे होतात. कमी विजेवर चालणारा ३० वॅटचा पंखा ११ युनिटांच्या आत राहतो. शिवाय घरगुती विजेच्या दराला टप्पे असतात आणि १०० युनिटांच्या पुढील युनिटांना चढा दर लागतो. म्हणून वाचलेले शेवटचे युनिट हे सर्वांत महागाचे युनिट असते.

किराण्याची यादी घरी बसून करावी आणि ती घेऊनच दुकानात जावे. मोठे पाकीट नेहमी स्वस्तच पडते असे नाही. आता पाकिटावर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर छापलेला असतो, तो पाहून ठरवावे. शाळकरी मुलांना हे काम दिले तर त्यांचे गणितही पक्के होते. ज्वारी, गहू व तूरडाळ हंगामात वर्षाची भरून, ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवण्याची आपली जुनी रीत आजही फायद्याची आहे. उन्हाळ्यातल्या मुगवड्या, खारोड्या आणि वाळविलेली अंबाडी पावसाळ्यातल्या महाग भाजीच्या दिवसांत घर तारून नेतात. डाळ तासभर आधी भिजत घातली, कुकरची शिट्टी झाल्यावर आच मंद केली, तर सिलिंडर काही दिवस अधिक चालतो.

औषधांत काटकसर म्हणजे औषध टाळणे नव्हे. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि त्याची किंमत पुढे रुग्णालयात मोजलेलीही पाहिली आहे. डॉक्टरांना विचारून त्याच घटकाचे जेनेरिक औषध जनौषधी केंद्रातून घ्यावे. किमतीत मोठा फरक पडतो आणि गोळी चुकत नाही.

जे उरवायचे ते पगाराच्या दिवशीच बाजूला काढावे. मुष्टिफंडाची मूठ ती हीच. टपाल कार्यालयात दरमहा ५०० रुपयांचे आवर्ती खाते उघडले तर पाच वर्षांत ३०,००० रुपये मुद्दल जमते, व्याज वेगळे. बचत गटांना बँकांशी जोडण्याचे काम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केले. आज आपल्या वस्त्यांतील कितीतरी बायका त्या आधारावर सावकाराच्या दारातून बाहेर पडल्या आहेत. मात्र गटातून बाईच्या नावाने कर्ज काढावयाचे आणि ते नवऱ्याने खर्चावयाचे, हा प्रकार आपल्या घरात होत असेल तर तोही याच लेखाचा विषय आहे, हे ध्यानी घ्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: हिशेबाची वही घरातल्या सर्वांसमोर उघडावी. महिन्यातून एकदा पती-पत्नीने, कळत्या वयाच्या मुलांना बरोबर घेऊन बसावे. कोणाचे काय राहून गेले, हा प्रश्न पहिला विचारावा आणि खर्च कोठे छाटावयाचा, हा दुसरा. आम्ही हे करून पाहिले तेव्हा पहिल्या प्रश्नावर घरातल्या बाईला उत्तर देता येईना. आपले काही राहिले आहे हे सांगण्याची सवयच तिला नव्हती. तिसऱ्या महिन्यात एकीने हळूच सांगितले की, दोन वर्षांपासून दाढ दुखते आहे.

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातील, हे आम्ही जाणतो. पहिला असा की, गरिबाला काटकसर शिकविणे ही त्याची थट्टा आहे. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. ज्याच्या हाती मजुरीच पुरेशी पडत नाही, त्याने दिवा विझवून तो श्रीमंत होणार नाही. त्याला रास्त मजुरी, शिधापत्रिकेवरचे धान्य आणि मुलांची शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी भांडावेच लागेल. काटकसर ही हक्काची जागा घेऊ शकत नाही. हा लेख म्हणूनच आम्ही प्रामुख्याने आमच्यासारख्यांसाठी लिहिला आहे, ज्यांच्या घरी पगार येतो आणि तरीही आईचे दूध बंद होते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना धड वस्त्र नेसू दिले नाही, त्यांनी आता कोठे चांगले नेसावयास सुरुवात केली, तर लगेच काटकसरीचा उपदेश का? याचे उत्तर महाडमध्ये मिळते. डिसेंबर १९२७ मध्ये तेथे जमलेल्या भगिनींना बाबासाहेबांनी नीटनेटके लुगडे नेसण्यास आणि जातीची खूण ठरलेले जाडजूड दागिने टाकून देण्यास सांगितले. स्वतः ते उत्तम पोशाख करीत आणि पुस्तकांवर हात राखून खर्च करणे त्यांना कधी जमले नाही. स्वाभिमानाचा खर्च हा उधळपट्टी नाही. घरातल्या सुनेला चांगली साडी, मुलाला नवी पुस्तके, म्हाताऱ्यांना चश्मा आणि कवळी, हे सारे त्याच खर्चात मोडते. तो टिकावा म्हणूनच आहेराची चढाओढ, डीजे आणि खर्रा यांवर कात्री चालवावयाची. एक वाचविले तरच दुसरे परवडते.

भिक्षूच्या आठ वस्तूंत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरबंद, पाणी गाळण्याचे गाळणे आणि एक सुई असते. इतक्या थोड्या वस्तूंत सुईला जागा मिळावी, याचे आम्हाला लहानपणी नवल वाटे. फाटले तर टाकू नका, शिवा, हे तर ती सांगतेच. शिवाय ती भिक्षूने स्वतः चालवावयाची असते. आपली वस्त्रे दुसऱ्या कोणी शिवून द्यावीत अशी वाट पाहत बसावयाचे नसते. आपल्या घरांतील पुरुषांनी एवढे जरी घेतले, तरी पुष्कळ झाले.

शाळेत सध्या शिकणाऱ्या मुला-मुलींना आम्ही साबण दोऱ्याने कापावयास सांगणार नाही. काळ बदलला आहे आणि बदलावा. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना मात्र एक विनंती आहे. या स्मरणिकेचे वाचन झाल्यावर, आजच संध्याकाळी, आपल्या घरात शेवटी जेवावयास कोण बसते ते पाहावे आणि उद्या त्यांचे ताट आधी वाढून झाकून ठेवावे. मग उरलेल्यात सर्वांनी भागवावे. थोरल्या मावशी आता हयात नाहीत. त्या नियमानंतर पहिल्याच दिवशी त्यांनी फळीवरचे आपले ताट उघडून पाहिले, त्यातली अर्धी भाजी आमच्यातल्या एकाला द्यावयास निघाल्या, आणि सरांनी त्यांना नुसता हात दाखवून थांबविले. मग त्या तेथेच बसून सावकाश जेवल्या. आम्ही त्यांना भाजी-भाकर खाताना त्या दिवशी प्रथम पाहिले.